बारा नळ्यांच्या गाडीचा ड्रायव्हर

खेमसिंग आडे गाडी कधीच भिंतीकडे तोंड करून उभी करत नसे. घाटंजीच्या बाजारात जागा असो नसो, मागचे लोक भोंगे वाजवून बेजार होवोत, हा माणूस आधी गाडी मागे घेणार, वळवणार, तिचं तोंड रस्त्याकडे करणार आणि मगच इंजिन बंद करणार. बरेचदा तेही करत नसे. शाळेच्या पोरी उतरेपर्यंत इंजिन धडधडतच असायचं. मी एकदा टोकलं, "डिझेल काय झाडाले लागते का, खेमसिंगभाऊ?"

तो म्हणाला, "ताई, निघाच्या टायमाले गाडी सुरूच नाही झाली तर?"

"तर ढकलू. त्यात काय एवढं?"

तो हसला नाही. त्याच्या तोंडाकडे पाहून मला तेव्हाच काहीतरी समजायला पाहिजे होतं. पण मी बोलण्यात हुशार, पाहण्यात नाही.

पिंपरी तांडा, म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, घाटंजीपासून आठ किलोमीटरवर आहे. खेमसिंगचा पणजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून निजामाच्या मुलखापर्यंत जायचा. पुढे बैल गेले आणि मुरमाड जमीन आली. तीन भावांत वाटली तेव्हा खेमसिंगच्या बापाच्या वाट्याला कापसाच्या चार ओळी आणि भरपूर दगड आले. खेमसिंग दहावी कसाबसा पास झाला, यवतमाळच्या भरतीत उघड्या पायांनी धावला आणि तोफखान्यात लागला. गाडीवर हात बसलेला होता म्हणून ड्रायव्हर झाला. आणि ड्रायव्हर झाला तो साध्या ट्रकवर नाही, रॉकेटच्या गाडीवर.

ही गाडी मी पाहिलेली नाही. त्याने मला ती जमिनीवर काडीने काढून दाखवली होती. आठ चाकं, प्रत्येक चाक माणसाच्या छातीएवढं. पुढे केबिन, मागे बारा नळ्या, एकेका नळीत एकेक रॉकेट. गाडी जागेवर आली की तिचे लोखंडी पाय खाली सोडायचे. पाय जमिनीत घट्ट रोवले की नळ्या वर उचलायच्या. मग एकामागून एक बारा रॉकेटं, पाऊण मिनिटात सगळी खलास. पोरी त्याला विचारायच्या, किती लांब जाते काका? तो म्हणायचा, "घाटंजीच्या बाजारात उभी केली न, तर यवतमाळचा दत्त चौक तिच्या टप्प्यात हाये." पोरींना ते फार आवडायचं. यवतमाळला जायला एसटीत दीड तास मोडतो!

पण ड्रायव्हरचं खरं काम रॉकेट सुटल्यावर सुरू होतं. सुटलेल्या रॉकेटची वाट उलटी मोजून दुश्मन गाडी शोधतो आणि त्याच जागेवर मारा करतो. म्हणून बारावं सुटलं की पाय वर घ्यायचे, गिअर टाकायचा आणि निघायचं. थांबायचं नाही, मागे पाहायचं नाही. तिथे जो रेंगाळला तो गेला. अठरा वर्षं खेमसिंगने हेच केलं. बारा मोजायचे आणि निघायचं.

एका वर्षी सव्वीस जानेवारीला त्याची गाडी दिल्लीच्या संचलनात होती. तांड्यात नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरी टीव्हीपुढे सगळे जमले. गाडी दिसली, नळ्या दिसल्या, चाकं दिसली, वर उभा राहून सलाम ठोकणारा साहेब दिसला. ड्रायव्हर काचेमागे, तो कुठून दिसणार? त्याची बायको जमनी तेव्हा म्हणाली होती, "एवढ्या मोठ्या गाडीवर बसला, अन् मले कदी घाटंजीचा बाजार नाही दाखवला." हे तांड्यात अजून सांगतात.

हवालदार होऊन तो परत आला, तेव्हा तांड्याने त्याला फाट्यापासून वाजतगाजत आणलं. उघडी जीप, बँड, गुलाल. तांड्याचे नायक शंकरसिंग जीपवर चढून बोलले, आपल्या खेमसिंगने सरहद्दीवर दुश्मनाचे बारा तळ उडवले! बायांनी फेर धरला. त्याची पोरगी जया सात वर्षांची होती, ती त्याच्या खांद्यावर बसून टाळ्या पिटत होती. त्या दिवसापासून तांड्याच्या शाळेत झेंडा खेमसिंगच्या हातून फडकायला लागला. कोणाकडे सोयरे आले की आधी त्याला भेटायला आणायचे.

तीन वर्षांपूर्वी मी तांड्याच्या पोरींसाठी घरोघर फिरत होते. सातवीपर्यंत शाळा तांड्यावर, पुढची घाटंजीला. तांड्याच्या रस्त्यावर एसटी वळत नाही, आणि पोरींना पायी आठ किलोमीटर कोणी धाडत नाही. पोरी घरी बसायच्या, मग कापूस वेचायला, मग लग्न. खेमसिंगने जुनी क्रूझर घेतली आणि म्हणाला, "मी नेतो. परत आणून घालनं माहा जिम्मा." पहिल्या वर्षी चार पोरी, दुसऱ्या वर्षी सात, यंदा तांड्याच्या दहा. अकरावी पोरगी अर्पिता, तांड्याच्या अलीकडच्या पिंपरी गावातली. तिची आजी विमलताई शाळेच्या समितीवर आहे, पंधरा एकरांची मालकीण. तांड्याच्या गाडीत नात बसवायला गावातून तीच पहिली तयार झाली. शाळेने गाडीचं नाव आपल्या यादीत लिहिलं, म्हणून ती फाटकाच्या आत जाऊ शकायची. शाळेचं नाव पाठीशी होतं म्हणूनच तांड्याचे बाप निर्धास्त होते.

फेब्रुवारीतला गुरुवार होता. साडेचारच्या सुमारास गाडी पिंपरीच्या चौकात थांबली. समोरून नवरदेव मारुतीच्या पाराकडे निघालेला, पुढे डीजे, पोट्टे नाचताहेत. अर्पिता उतरायला लागली. एक पाय पायरीवर, दप्तराचा पट्टा सीटच्या दांडीत अडकलेला. तेवढ्यात नाचणाऱ्यांपैकी कोणीतरी फटाक्याचा खोका रस्त्याच्या मधोमध ठेवला आणि पेटवला. आता लग्नाकार्यात चालतात ते बारा शॉटचे खोके. आत बारा पुठ्ठ्याच्या नळ्या, एकामागून एक वर जातात.

बारावा फुटला आणि गाडी सुटली.

अर्पिता पायरीवरून फेकली गेली. डावा हात मनगटाच्या वर मोडला, हनुवटी फाटली. गाडीत जया आणि बाकीच्या पोरी किंचाळत होत्या. गाडी वरातीच्या बाजूने निघाली, शेताच्या पांदणीत शिरली आणि दोन किलोमीटरवर बाभळींच्या आडोशाला जाऊन वळून थांबली. तोंड रस्त्याकडे. खेमसिंगने मागे पाहिलं, पोरी मोजल्या आणि विचारलं, "अर्पिता कुठी हाये?"

मला खबर लागली तेव्हा मी राळेगावला एका मोर्चात होते. परत येईपर्यंत अर्पिताला यवतमाळला नेलं होतं आणि अख्ख्या पिंपरीत एकच गोष्ट चालू होती. ड्रायव्हर दारू पिऊन तर्र होता. तांड्यावरचा माणूस, मोहाची मारली असन! मी तांड्यात वीस वर्षं फिरते. कोणी असं बोललं तर त्याच्या तोंडावर त्याला झाडते. त्या दिवशी नाही झाडलं. माझ्या डोळ्यांपुढे पोरीचा हात होता. मी त्याच तिरिमिरीत बसून अर्ज लिहिला. दारूच्या नशेत गाडी चालवून मुलीच्या जिवाशी खेळणाऱ्या ड्रायव्हरला तात्काळ हटवा.

शनिवारी समिती बसली. मी अर्ज वाचला, मोठ्याने, सवयीप्रमाणे. खेमसिंग दाराशी उभा होता, धुतलेला सदरा, हात बाजूला सरळ. तांड्याच्या पोरींनी आधीच सांगितलं होतं की काकाच्या तोंडाला वास नव्हता. अध्यक्ष म्हणाले, पोरी त्याच्याच तांड्याच्या, त्या काय बोलणार. मग त्यांनी थेट विचारलं, "प्याले होते का?"

खेमसिंगने विमलताईकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"हो जी. प्यालतो."

विमलताईने पदर तोंडाला लावला. "पोलिसात नाही जात मी," ती म्हणाली. "तुह्याही घरी पोरगी हाये. पन माह्या नातीच्या डोळ्यापुढं ते गाडी नको."

समितीने गाडीचं नाव यादीतून काढलं. खेमसिंगचा भाऊ बादल म्हणाला, मी चालवतो. अध्यक्ष म्हणाले, तांड्यावरचा दुसरा ड्रायव्हर म्हणजे दुसरी बाटली. लोक हसले. मी नाही हसले, पण उठूनही बोलले नाही. अर्ज माझाच होता ना.

सोमवारी दहा पोरी घरी बसल्या. दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि त्यात जया होती.

बाजाराच्या दिवशी जमनी मला शोधत आली. मी मिरच्या घेत होते. तिने माझ्या हातातली थैली घेतली, खाली ठेवली आणि म्हणाली, "तुले लिवता येते, म्हनून काई बी लिवशीन का?"

"काय झालं?"

"माहा मानूस पेत नाही. सेवालाल बापूची आन घेतली तवापासून थेंब नाही. अख्ख्या तांड्याले मालूम हाये. तुले नाही मालूम?"

खरं सांगते, मला माहीत होतं. मी विसरले होते. दुसऱ्यांनी सांगितलेलं पटकन पटलं म्हणून विसरले.

"मंग तो हो काहून म्हणला?" मी आवाज चढवला. चूक माझी असली की माझा आवाज चढतो. "मी काय त्याच्या तोंडात कोंबलं होतं का?"

जमनी रस्त्याच्या कडेला बसली. मीही बसले. मग तिने सांगितलं ते असं.

तो परत आला त्या वर्षीच्या दिवाळीत पोट्ट्यांनी अंगणात फटाके लावले. खेमसिंग जेवता जेवता उठला, हात न धुता बादलच्या मोटरसायकलवर बसला आणि तांड्याच्या बाहेर, पार टेकडीखाली जाऊन थांबला. परत येऊन म्हणाला, काय झालं? जमनीला वाटलं गंमत करून राह्यला. पुढच्या वर्षी परत तेच. सुटं फटाकडं फुटलं तर काही होत नाही. लागोपाठ वर जाणारं असलं की त्याचे ओठ हलतात आणि मग तो निघतो. जमनीने कोणाला सांगितलं नाही. तिने आपला उपाय काढला. कॅलेंडरवर लग्नाच्या तिथी पाहायच्या, आणि तिथी असली की म्हणायचं, आज तुमच्या कंबरेत उसण भरली आहे, तुम्ही पडा, गाडी बादल नेईल. खेमसिंगही काही न विचारता पडून राहायचा. दोघांनी याबद्दल एकमेकांशी कधी एक शब्द काढला नव्हता. तीन वर्षं हे असं निभलं.

"मंग त्या दिवशी काय झालं?"

"ते लगन काढीव मुहूर्ताचं होतं, बाई." जमनीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "भटजीनं त्यायच्या सोयीनं काढून देल्ला. कॅलेंडरात तिथीच नाही. मी तीनदा पाह्यलं. नाहीच हाये. मी मंग कापूस वेचाले गेलती."

मला आत्ता आत्ता कळतं, ही बाई तीन वर्षं गाडीतल्या पोरींचा जीव कॅलेंडरच्या चौकटींवर तोलून होती.

मी तशीच स्कूटी काढली आणि तांड्यावर गेले. खेमसिंग शेतात कापसाची वाळकी पऱ्हाटी उपटत होता. मी बांधावरूनच सुरू केलं. "खोटं कायले बोललास? मले लोकांपुढं खोटी पाडलीस. सांगता येत नव्हतं का, डोक्यात लढाई शिरली म्हणून? फौजीले होते असं. मी वाचलं हाये. दवाखाने हायेत त्याच्यासाठी. कोण हसणार होतं तुले?"

तो उपटत राहिला. मी बांध उतरून त्याच्यापुढे उभी राहिले.

"बोल न!"

"लढाई शिरली असती तं सांगतलं असतं, ताई."

"म्हणजे?"

तो खाली बसला. हातातली पऱ्हाटी मोडून मोडून तिचे तुकडे केले. मी गप्प राहिले, हे माझ्याकडून क्वचितच होतं.

"म्या लढाई पाह्यलीच नाही," तो म्हणाला.

सरहद्दीवर तो दोन हिवाळे होता. बारा नळ्या भरलेल्या, गाडीवर जाळी टाकलेली, थंडीत इंजिन गोठू नये म्हणून दर दोन तासांनी सुरू करायचं. तीनदा हुकूम आला, तयार व्हा. तिन्ही वेळा पाय रोवले, नळ्या उचलल्या, खेमसिंग स्टिअरिंगला धरून बसला. तिन्ही वेळा हुकूम रद्द झाला. एकही रॉकेट दुश्मनावर सुटलं नाही. सुटली ती सगळी सरावात, वाळवंटात, रिकाम्या वाळूवर.

"अन् त्या सरावातच एकदा मेलो मी," तो म्हणाला.

मला वाटलं, याचं डोकं खरंच सरकलं. पण तो सरळ सांगत होता. त्या सरावात एक लोखंडी पाय वाळूत रुतला. बारावं सुटलं तरी पाय वर येईना. चाळीस सेकंद उशीर झाला. घड्याळ लावून बसलेल्या सुभेदाराने शिट्टी मारली आणि सांगितलं, ही गाडी मेली. त्या सुभेदाराची स्वतःची रीत होती. मेलेल्यांच्या दंडाला पांढरी पट्टी बांधायची आणि दिवसभर वाळूत बसवायचं. कोणी त्यांच्याशी बोलायचं नाही, बघायचं नाही. मेलेल्याशी कोण बोलतं? दुपारी दुसऱ्या गाडीचा दोस्त चहाचा मग घेऊन समोरून गेला. रोज याच्याशी एका ताटात जेवणारा. त्याने मान वळवून घेतली.

"हसाची गोष्ट हाये तशी," खेमसिंग म्हणाला. "बाकीचे संध्याकाळी हसले बी. मले नाही हसू आलं. मले वाटे, घरी जमनी अशीच माह्यापासून मान फिरवून राह्यली. त्याच्यानंतर मी कदी लेट नाही झालो. कदीच नाही."

"हे समितीत सांगता येत नव्हतं?"

"कसं सांगू? शंकरसिंग नायक म्हनते, बारा तळ उडवले. जीपवर चढून म्हनले. मी नाही म्हनलो नाही. जया खांद्यावर होती. बँड वाजून राह्यला होता. म्हनलं, उद्या सांगीन. उद्या झेंड्याले बोलावलं. मंग राह्यलंच." त्याने माझ्याकडे पाहिलं. "दारू प्याला म्हनलं तं तांडा माफ करते, ताई. तांड्यात कोन नाही पेत? लढाई केलीच नाही म्हनलं तं मी काय उरलो? आठ वर्सं यायच्या हातचे हार घातले म्या."

"अन् पोरी?"

त्याने दुसरी पऱ्हाटी मोडायला घेतली.

"दहा पोरी घरी बसल्या. तुही बसली. दारुड्याची गाडी कोणी यादीत घेणार नाही. बादलची बी नाही. तू खरं सांगशीन तर दोष तुह्या एकट्याचा राहीन, गाडीचा नाही, तांड्याचा नाही. नाही सांगशीन तर तुह्या हारापायी त्या पोरी कापूस वेचतीन. बस, एवढंच हाये."

हे मी ओरडून म्हटलं. बाजूच्या शेतातली माणसं उभी राहून पाहायला लागली. नंतर मला त्याचं वाईट वाटलं, पण शब्द एकही परत घ्यावा असं वाटलं नाही.

त्याने सांगितलं, समितीत नाही, नसाबमध्ये सांगतो. तांड्याची पंचायत म्हणजे नसाब. ज्यांच्यापुढे खोटं उभं राहिलं त्यांच्यापुढेच ते पाडायचं, असं त्याचं म्हणणं. विमलताईला बोलवायचं काम माझ्याकडे.

रविवारी सकाळी नायकाच्या अंगणात सगळा तांडा जमला. बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला. विमलताई आली, अर्पिताला घेऊन. हात गळ्यात बांधलेला, हनुवटीवर पट्टी. तिला खुर्ची दिली. जया तिच्यामागे उभी राहिली.

शंकरसिंग नायकांनी विचारलं, "बोल बा, काय सांगाचं हाये?"

खेमसिंग उभा राहिला. मला वाटलं होतं तो आधी दारूचं सांगेल, मग फटाक्याचं, आणि हळूहळू तिथवर येईल. त्याने उलटं केलं.

"म्या कोनताच तळ उडवला नाही," तो म्हणाला. "म्या लढाई केली नाही. दोन साल सरहद्दीवर बसून होतो. एक बी रॉकेट सुटलं नाही."

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. मग मागून एका पोट्ट्याचा आवाज आला, "मंग आठ साल झेंडा कायचा लावून राह्यले होते, काका?" काही जण हसले. एक म्हातारी म्हणाली, "माह्या नातवाचं नाव खेमसिंग ठेवलं न बाप्पा आता!" मग जास्त हसले. नायकांचा चेहरा पडला होता. जीपवर चढून बोलले होते ते, त्यांनाही हे आत्ताच कळत होतं.

"हसू द्या," खेमसिंग म्हणाला. मग त्याने बाकीचं सांगितलं. बारा नळ्या, बारा मोजणं, वाळूतली पांढरी पट्टी, दिवाळी, जमनीचं कॅलेंडर. शेवटी तो अर्पिताकडे वळला. "माय, त्या दिवशी म्या दारू प्यालो नव्हतो. शुद्धीत होतो. शुद्धीत असून तुले टाकून गेलो. हे दारूपेक्षा वाईट हाये. म्हनून मी आता स्टिअरिंगवर बसनार नाही. कदीच नाही. पन गाडी चालू ठेवा. गाडीची काई चूक नाही."

अर्पिताने आजीकडे पाहिलं. विमलताई खुर्चीत सरळ बसली.

"तू लढला का नाही लढला, त्याचं मले काय लोनचं घालाचं हाये?" ती म्हणाली. "मले हे सांग, तुह्या बायकोले मालूम होतं, तुले मालूम होतं. तरी माही नात त्या गाडीत बसवली. काहून?"

जमनी उभी राहिली. "चूक झाली, माय," ती म्हणाली. एवढंच.

विमलताईने अर्पिताच्या गळ्यातली झोळी सारखी केली. मग म्हणाली, "बादल खर्रा खाते का?"

बादल माणसांत बसला होता, गालात तंबाखू-सुपारी धरून. तो दचकला. "खातो."

"गाडीत खाशीन तर समितीतून मीच काढीन. सोमवारी शाळेत येजो, मी अध्यक्षाशी बोलतो. माही नात मात्र बसनार नाही. तिले तिचा बाप सोडीन." ती उठली, जाता जाता माझ्यापाशी थांबली. "अन् तू वो उर्वशी. लिवाच्या आधी इचारत जाय."

मी मान हलवली. लोकांच्या देखत. दुसऱ्या दिवशी समितीपुढे जाऊन माझा अर्ज खोटा होता, ड्रायव्हर प्यायलेला नव्हता, असं लिहून दिलं आणि तेही मोठ्याने वाचलं. त्याने खेमसिंगचं काही परत आलं नाही. "दारुड्या" गेला, त्याच्या जागी "खोटा फौजी" आला, तोही माणसांच्या तोंडून, जो खोडायला अर्ज चालत नाही.

गाडी सुरू झाली. दहापैकी आठ पोरी परत बसल्या. दोन नाही आल्या. एकीच्या बापाने म्हटलं, आता राहू द्या, झालं तेवढं शिक्षण. दुसरीची सोयरीक जुळली. त्या दोघींच्या घरी मी चार-चार चकरा मारल्या, भांडले, पाया पडले. नाही ऐकलं. हे मी खेमसिंगला सांगितलं नाही, पण त्याला माहीत आहे. तांडा केवढासा असतो.

नागपूरकडच्या फौजी दवाखान्यात मी त्याला घेऊन गेले. डॉक्टरणीने सगळं ऐकलं. खेमसिंगने तिला पहिल्या वाक्यातच सांगितलं, म्या लढाई केली नाही. ती म्हणाली, मी ते विचारलंच नाही. गोळ्या दिल्या, महिन्याला यायला सांगितलं. झोप थोडी लागते म्हणतो. बाकी काही सांगत नाही.

पण खरं दुखणं घरात होतं. जया बापाशी बोलेना. त्याने अर्पिताला पाडलं याचा तिला राग नव्हता, हे मला आधी पटलंच नाही. मी तिला परीक्षेच्या दिवसांत फाट्यावर गाठून विचारलं. ती पुस्तकात डोकं घालून म्हणाली, "प्यालो म्हनलं होतं न त्यायनं. त्याच्यावरच राह्यचं होतं. आता पोट्ट्या गाडीत बारा-बारा करून चिडवतात मले."

"तुह्या शाळेसाठी सांगितलं त्यानं."

"मी सांगा म्हनलं होतं का?"

मी पंधरा वर्षांच्या पोरीला काय बोलणार होते? तिचा बाप दुश्मनाचे बारा तळ उडवणारा होता. ती त्याच्या खांद्यावर बसून मोठी झाली होती. तिला शाळा मिळाली आणि तो बाप गेला. सौदा तिला कोणी विचारून केला नव्हता.

खेमसिंग रोज सकाळी गाडी धुतो, हवा पाहतो, पाणी पाहतो. बादल यायच्या आधी बाजूला होतो. पोरी बसतात. जया बापाच्या अंगावरून जाते, खिडकीशी बसते, तोंड पलीकडे. हे असं परीक्षेचे सगळे पेपर होईपर्यंत चाललं. जमनी डबा द्यायला येते, दोघांकडे आळीपाळीने पाहते आणि परत जाते.

मागच्या आठवड्यात मी सकाळीच तांड्यावर गेले होते. परीक्षा संपली होती, पण जया निकालाआधीच अकरावीच्या चौकशीला घाटंजीला निघाली होती. गाडीत बसली. बादलने चावी फिरवली. जया खिडकीतून, कोणाकडेही न बघता म्हणाली, "बापू, तिकडचा आरसा हालते. मागचं दिसत नाही."

खेमसिंग तिथेच उभा होता. तो पळत घरात गेला, पाना घेऊन आला आणि आरशाचा नट आवळायला लागला. बादल म्हणाला, "दादा, उशीर होते."

"होऊ दे," खेमसिंग म्हणाला, आणि सावकाश, पुन्हा पुन्हा तपासून, आवळत राहिला. जयाने तोंड परत पलीकडे केलं होतं, पण गाडी निघू द्या असं काही ती म्हणाली नाही.